टाळेबंदीत पॅरालिसिस झालेल्या गावच्या काकांना फिजिओथेरपी का मिळाली नाही? आता उशीर झालाय का?

तुम्ही लिहिलंय की 2020च्या टाळेबंदीत ठाण्याच्या आत्याला आणि राजापूर तालुक्यातल्या काकांना महिन्याभराच्या अंतराने झटका आला. आत्या आज काठीशिवाय चालते, काका मात्र अजून पडवीत बसून आहेत. हे नशीब की काही राहून गेलं, असं तुम्ही विचारता.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. झटका किती मोठा होता, मेंदूच्या कोणत्या भागात होता, यानेही फरक पडतो आणि तो मला इथून दिसत नाही. पण काकांसारखी इतकी माणसं माझ्याकडे उशिरा आली आहेत की सगळा दोष नशिबावर टाकायला मी तयार नाही.

ऑपरेशनसाठी माणूस एकदाच मुंबई किंवा कोल्हापूर गाठतो. वाडी वर्गणी काढते, चाकरमानी पैसे पाठवतात, कुणीतरी गाडी देतं. व्यायामासाठी मात्र आठवड्यातून तीन-चार वेळा यावं लागतं, तेही महिनोन्महिने. दर खेपेला खुर्चीत बसवून चौघांनी पाखाडी, म्हणजे वाडीची दगडी पायवाट, उतरायची, रिक्षा स्पेशल करायची आणि सोबत येणाऱ्याचा रोज बुडवायचा. कर्ज काढून एमआरआय करणारी घरं या फेऱ्यांपुढे हात टेकतात. मग केसपेपरवर शेरा पडतो, ‘रुग्णाने उपचार सोडले’. तो शेरा मला अन्यायाचा वाटतो. उपचार त्या माणसापर्यंत पोचलेच नव्हते.

योजनांचंही तेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. घरी आल्यावर लागणाऱ्या व्यायामाचा खर्च बहुतेक वेळा घरच्यांच्याच खिशातून जातो. बोटींवरचे परराज्यांतले खलाशी आणि आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी कामगार तर इथलं रेशनकार्ड नसल्याने या हिशेबातच येत नाहीत.

त्यात कोरोनाची साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2020 मध्ये सांगितलं की 63 टक्के देशांत पुनर्वसनाच्या सेवा अंशतः किंवा पूर्ण विस्कळीत झाल्या आहेत. ‘हे थांबू शकतं’ असं ज्याबद्दल वाटलं, ते आधी बंद झालं. पण झटक्यानंतर शरीर सर्वात वेगाने सावरतं ते पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, आणि ते महिने पुढे ढकलता येत नाहीत. काकांचे ते महिने एसटी बंद असताना गेले. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं वर्षानुवर्षं गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, त्यांच्यापुढे गोव्याची हद्द बंद झाली. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची छपरं उडवली. पुढच्या वर्षी 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. पाणी ओसरतंय तोवर ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. शहरात साथ ओसरल्यावर फिजिओ पुन्हा घरोघरी जाऊ लागले. आमच्याकडे तेव्हाही रस्त्यावर गाडी नव्हती.

व्हिडिओ कॉलवर व्यायाम घ्या, असं शहरातले लोक सांगायचे. रेंज सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, येते. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला सड्यावर कसं न्यायचं?

एक गोष्ट मला अजून लागते. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा आशाताई ऑक्सिमीटर घेऊन पावसात वाडी-वाडीवर गेल्या. म्हणजे प्रत्येक घरापर्यंत पोचता येतं. पण ऑक्सिजनवरून परतलेला माणूस विहिरीपर्यंत चालतो का, हे विचारायला तशी मोहीम निघाली नाही. बायकांचं तर विचारूच नका. दम लागत असतानाही त्या डोक्यावर हंडा घेऊन पायऱ्या चढत होत्या, आणि घरातल्यांना वाटत होतं, कामाला लागली म्हणजे बरी झाली.

आता काकांबद्दल. उशीर झालाय, पण दार बंद नाही. वर्षांनंतरही उठणं-बसणं, तोल, अंथरुणातून संडासापर्यंत जाणं यात सुधारणा होते. हाताची बोटं पूर्वीसारखी चालतील असं मात्र मी सांगणार नाही. आधी डॉक्टरांकडून बीपी आणि साखर तपासून घ्या, गोळ्या सुटल्या असतील तर त्या आधी सुरू करा. मग एकदा तरी त्यांना फिजिओसमोर न्या. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आणि ग्रामीण रुग्णालयात पुनर्वसन कर्मचारी असावा अशी तरतूद आहे. तिथे हक्काने विचारा. पद रिकामं असेल तर लेखी अर्ज द्या.

जाताना घरातलं जे माणूस रोज काकांना धरतं, त्यालाच सोबत न्या. नुसता शेक आणि करंट घेऊन परत येऊ नका. व्यायाम करून घेतानाचा व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर काढून घ्या, म्हणजे घरी रेंजची गरज पडणार नाही, आणि महिन्यातून एकदा दाखवायला गेलं तरी काम पुढे सरकेल. तोवर लुळा हात धरून ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका, खांदा त्यानेच निकामी होतो. उंच, हात असलेल्या खुर्चीवर बसवा आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवून, कुणीतरी शेजारी उभं राहून, उठायचा सराव दिवसातून थोडा-थोडा, अनेकदा घ्या. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथेच थांबा.

दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व भरलं तर एसटीच्या भाड्यात मोठी सवलत मिळते. 75च्या पुढे असतील तर ऑगस्ट 2022 पासून एसटी मोफतच आहे.

बाजू उजवी की डावी, बोलणं स्पष्ट आहे का, खुर्चीतून स्वतः उठतात का, आणि संडास घरात आहे की मागच्या अंगणात, एवढं खाली लिहा. त्यावरून पहिल्या महिन्यात काय करायचं ते सांगते.