वारीत ग्वाल्हेरचे काय?

प्रश्न : आमचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत येथे आले. घरी आजही रोज हरिपाठ होतो, पण पालखी आम्ही पाहतो ती दूरदर्शनवर. वारी ही महाराष्ट्राची ओळख म्हणतात. तीत आम्हां ग्वाल्हेरकरांचे काही आहे काय? (एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली, आणि तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज १६८५ पासून देहूहून निघून दोन्ही संतांच्या पादुका पंढरपुरास नेऊ लागले. आळंदीचा स्वतंत्र सोहळा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, आणि तो सुरू करणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरचे सरदार होते. गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना कोंडले आणि हरिपाठामुळे ते सुटले, अशी आख्यायिका आहे. ती बाजूला ठेवली तरी सोहळ्याची घडण फौजेतल्या माणसाची आहे, हे लपत नाही. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत. मुक्कामी समाजआरतीला टाळांचा गजर चालू असताना चोपदार दंड उंचावतो आणि एवढा समुदाय क्षणात स्तब्ध होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात, आणि ती ऐकून घेतल्यावरच आरती होते. माउलींचे अश्व येतात ते अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. आपल्या लष्कर भागातील बाळाबाईच्या बाजाराला जिचे नाव आहे, ती महादजींची कन्या शितोळ्यांच्याच घरी दिली होती.

संतांनी स्वराज्याची भूमी तयार केली, असे न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मांडले. इतिहासाचार्य राजवाड्यांना ते मुळीच पटले नाही. माझ्या मते वारीपुरता तरी क्रम उलटा दिसतो. १८१८ साली पेशवाई बुडाली, आणि सरदारांची शिस्त, घोडे, तंबू यांना वारीत नवे काम मिळाले. राज्य गेल्यावर मराठी माणसाला एकत्र आणणारी जी थोडी ठिकाणे उरली त्यांत पंढरीची वाट मोठी, आणि म्हणूनच ती पुढे ओळख ठरली. ही ओळख प्रांताच्या सीमेत मावत नाही, हे नामदेवांवरूनही दिसते : त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत आणि पंजाबातले घुमान त्यांना आपलेच मानते.

आळंदीस जाणे झाल्यास महाद्वारातील हैबतबाबांच्या पायरीपाशी आधी थांबावे. कार्तिकातला संजीवन समाधी सोहळा तिच्या पूजनानेच सुरू होतो.