प्लगच्या कॅपला ग्रीस, पण कुठे?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी ११ वर्षांची आहे. पावसाळ्यात मुंबईहून परतताना कसारा घाटात मिसिंग करते, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो. एरवी तक्रार नाही. मेकॅनिक म्हणतो, स्पार्क प्लगच्या कॅपमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस लावू. मेहुणे म्हणतात, ते करंट अडवतं, मग ठिणगी कशी पडेल? घरातलं व्हील बेअरिंगचं ग्रीस चालेल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मेहुण्यांचं निम्मं खरं आहे. हे सिलिकॉनचं ग्रीस करंट नेत नाही, म्हणूनच तर ते लावायचं. चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. वीस हजारांच्या वरही जातं. तेवढ्यात रबरी कॅप आणि प्लगचं पांढरं चिनीमातीचं अंग यांच्यामध्ये ओल असली, की करंट त्या ओलीवरून सरळ इंजिनच्या धातूत उतरतो. गंगापूर रोडवर गाडी गुपचूप चालते आणि घाटात धक्के देते ती यामुळे. ग्रीस ही फट भरतं, पाणी आत येऊ देत नाही. शिवाय रबर प्लगला चिकटत नाही, पुढच्या वेळी कॅप फाटत नाही.

लावायचं ते कॅपच्या आतल्या रबराला, तोंडाजवळ, पातळ थर. काडीने किंवा कानकोरण्याच्या कापसाने. आतल्या स्प्रिंगला नको, प्लगच्या आट्यांना तर अजिबात नको. फार कोंबलंत तर आत हवा अडकून कॅप वर उचलली जाते. काम थंड इंजिनवर करा. कॅप आधी थोडी फिरवून सैल करा, मग ओढा.

बेअरिंगचं ग्रीस मात्र डब्यातच राहू द्या. त्यातलं खनिज तेल रबर फुगवतं, मऊ पाडतं.

पण ग्रीस लावायच्या आधी प्लग काढून नीट बघा, माझ्या मते खरं उत्तर तिथेच सापडेल. पांढऱ्या अंगावर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल, तर करंटने वाट पाडलेली आहे. प्लग आणि कॅप दोन्ही बदला, ग्रीसने ती रेघ जात नाही. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं असेल, तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय, आधी ते. नुसतं पाणी असेल, तर वॉशिंग सेंटरवर इंजिनवर प्रेशरने पाणी मारून घेता का, ते आठवा. (आमच्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या कितीतरी गाड्या अशाच ‘चकचकीत’ केलेल्या असतात.)

दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो तापतो, आणि त्याचं बिल ग्रीसच्या ट्यूबसारखं नसतं.