सायकलस्वारांचे प्रश्न: काळी माती, पुळण आणि फोटोत सपाट दिसणारा उतार

प्रश्न: शेतातल्या गाडीवाटेने माउंटन बाइक चालवतो. एक सर पडली की चाक फिरेनासे होते. जास्त रुंद टायर टाकले, हवाही कमी केली, फरक नाही. — वाचक, बार्शी

उत्तर: फरक पडला असेल तर वाईटच. काळ्या मातीतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि टायरवर थरावर थर चढतो. टायर जितका रुंद, तितकी फोर्क (चाक धरणारा दांड्यांचा चिमटा) आणि चाक यांच्यातली फट कमी, म्हणजे चाक तितके लवकर जाम. हवा कमी केल्याने टायर आणखी पसरतो आणि जास्त माती उचलतो. या मातीत २.१ इंचांच्या आसपासचा, रबरी उंचवटे विरळ असलेला टायर बरा. फिरताना तो माती झटकतो. गच्च उंचवट्यांचा टायर ती धरून ठेवतो.

सर्वांत वाईट माती अर्धवट ओली असते. पुरती भिजली की निसरडी होते, पण तितकी चिकटत नाही. म्हणून सरीनंतर लगेच निघू नका. चांगले ऊन पडले तर एका दिवसात वाट बहुधा चालण्याजोगी होते. अडकलातच, तर चाकोरी सोडून कडेच्या गवतावरून सायकल न्या.

चाक जड झाले की जोर लावून पॅडल मारू नका. चिखल आणि गवत मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) गुंडाळले जाते, डिरेलर आरांकडे ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा धातूचा तुकडा, म्हणजे हँगर, वाकतो किंवा तुटतो. खाली उतरा, सायकल उचला, काडीने माती खरवडा. हँगर बहुधा फ्रेमनुसार वेगळा असतो, ऐनवेळी गावातल्या दुकानात मिळत नाही. आपल्या मॉडेलचा एक जादा आणि तो बसवायचा षटकोनी पाना पिशवीत असू द्या.

प्रश्न: दापोलीकडे मुरुड-कर्द्याच्या पुळणीवर सायकल चालवून मग वर सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) जायचे आहे. हवा किती ठेवू? कॅमेऱ्याला खाऱ्या वाऱ्याचा त्रास होतो का? — वाचक, पुणे

उत्तर: एकच दाब दोन्हीकडे चालणार नाही. स्वार ७० किलोचा, चाक २९ इंची आणि टायर २.३ इंची ट्यूबलेस धरला, तर पुळणीवर पुढे १५ आणि मागे १८ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पुरे. सड्यावरचा जांभा मात्र धारदार आणि भोकाभोकांचा. तिथे १५ वर रिम थेट दगडावर आपटते आणि टायरची बाजू चिरते. चढायच्या आधी पुढे २४, मागे २७ करा. छोटा पंप आणि गेज सोबत हवेच, बोटाने दाबून अंदाज घेणे फसवे असते. ट्यूब असेल तर पुळणीवरही २५ च्या खाली जाऊ नका: टायर रिमवर सरकतो आणि ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटते.

चालवायचे ओहोटीला, पाण्यालगतच्या घट्ट ओल्या पट्ट्यावरून. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या आधीचे दोन तास उत्तम. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा कालच्या वेळेवर विसंबू नका. नोव्हेंबर ते मार्च या काळात भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू टाळा. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे तिथेच अंडी घालतात.

पावसाळ्यात सड्यावर शेवाळ धरते. त्यावर ब्रेक लावू नका, वळू नका; वेग आधीच कमी करून सरळ निघून जा.

परतल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सायकल धुवा, पण प्रेशर पंपाने नाही. तो मीठ आणि पाणी दोन्ही बेअरिंगमध्ये घुसवतो. चेन पुसून, वाळवून तेल द्या; रोटरला (डिस्क ब्रेकच्या चकतीला) तेल लागू न देता आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

कॅमेऱ्याचे म्हणाल, तर लेन्सवर बसलेले खारे तुषार कोरड्या फडक्याने पुसू नका. सोबत वाळूचे कण असतात आणि ते लेपन ओरखडतात. आधी हवा मारणारा ब्लोअर, मग किंचित ओले मऊ फडके. पुळणीवर लेन्स बदलणे टाळा.

प्रश्न: घाटातला अंगावर येणारा उतार फोटोत सपाट का दिसतो? — वाचक, सातारा

उत्तर: कारण बहुतेकजण वरून खाली, फोनच्या वाइड लेन्सने टिपतात. चढण दिसायला तिच्या बाजूची रेषा दिसावी लागते. वाटेपासून बाजूला जा, उताराशी काटकोन करून उभे राहा आणि ५० ते ८५ मिमी इतक्या लेन्सने फोटो घ्या. फोनवर दोन किंवा तीन पट झूम. चौकटीत उभे झाड किंवा विजेचा खांब येऊ द्या, म्हणजे पाहणाऱ्याला उभे काय ते कळते. ग्रिड लावून कॅमेरा समतल धरा. तिरका धरून उतार वाढवलेले फोटो लगेच ओळखू येतात. मागे झाड तिरके उगवलेले दिसते!

सायकल आडवी जात असेल तर शटर १/१००० सेकंद. समोरून येत असेल तर १/५०० चालते. पॅनिंगसाठी (सायकलीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेण्यासाठी) १/६० पासून सुरुवात करा आणि क्लिकनंतरही कॅमेरा सायकलीबरोबर फिरवत राहा. बरेचजण क्लिक होताच थांबतात आणि स्वार धूसर येतो. स्वार जिथून जाणार तिथल्या दगडावर आधीच फोकस करून ठेवा. पावसाळी धुक्यात एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप वाढवा, नाहीतर धुके करडे येते. आणि स्वाराला काळा टी-शर्ट घालू देऊ नका.

प्रश्न: फोन हँडलवर लावून चित्रीकरण केले तर चालेल? — वाचक, ठाणे

उत्तर: आम्ही लावत नाही. अॅपलने २०२१ मध्ये मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातले स्थिरीकरण बिघडू शकते असे सांगितले. सायकलला इंजिन नाही, पण खडकाळ वाटेचे हादरे कमी नसतात. हँडलवर अॅक्शन कॅमेरा ठेवा, फोन कंबरेच्या पिशवीत. पाठीवरच्या पिशवीत मणक्याच्या रेषेत कडक कॅमेरा नको, पडल्यास तोच पाठीत लागतो.

प्रश्न: मुंबईत हवा भरून सायकल स्पितीला नेतो आहे. काही वेगळे? — वाचक, मुलुंड

उत्तर: साडेचार हजार मीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के असतो, त्यामुळे गेजवरचा आकडा सुमारे ६ पीएसआयने चढतो. थंडीने त्यातला निम्मा उतरतो. मुंबईचे २५ तिथे २८ च्या आसपास दाखवेल. सैल खडीवर चाक उसळू लागले तर तेवढी हवा सोडा, आणि उतरल्यावर पुन्हा भरा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री झोपायच्या पिशवीत घ्या. थंडीत रिकामी दाखवणारी बॅटरी खिशात ऊब मिळाली की अनेकदा आणखी थोडी चालते.