गोव्यात राहून निसर्गाचे फोटो काढण्याचा छंद लावून घ्यावा का? त्यात एवढा आनंद कसला?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी पुण्याहून पणजीत येऊन वर्ष झालं, बघण्यासारखं सगळं बघून झालं, आता फिरत फिरत फोटो काढायचा छंद लावून घ्यावा का, आणि कॅमेरा कुठला घ्यावा.

कॅमेऱ्याचं आधी उरकतो. सध्या मोबाइल पुरे. पैसे घालायचेच असतील तर बऱ्यापैकी जड ट्रायपॉड घ्या. हलका घेतलात तर किनाऱ्यावरच्या वाऱ्यात तो थरथरतो आणि फोटो बिघडतो.

आता 'सगळं बघून झालं' याबद्दल. मी डिचोलीचा. आमच्या नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. मूळ देव पलीकडच्या दिवाडी बेटावरचा, पोर्तुगिजांच्या काळात नदी ओलांडून इकडे आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ नव्याने बांधायला लावलं. तिथून फेरीबोट पकडून दिवाडीला जायचं. लहानपणापासून मी कितीदा तरी गेलो असेन आणि मलाही ते बेट 'बघून झालेलं' होतं. कॅमेरा घेतल्यावर पौर्णिमेच्या एका रविवारी सकाळी तिथल्या खाजनात गेलो. खाजन म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली सखल शेतजमीन. पावसाळ्यात तिथे खारं पाणी सोसणारं कोरगुट भात पिकतं, एरवी मासळी. बांधात मानस असतं, म्हणजे लाकडी दार बसवलेली पाण्याची वाट. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं तेव्हा दार आपोआप मिटतं. बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी साडेआठ वाजले होते, दार बंद, पाणी गढूळ, ऊन डोळ्यांवर. तरी शंभरेक फोटो काढले. बांधावरून एक आजोबा चालले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "सुकती जाली काय यो."

सुकती म्हणजे ओहोटी. ओहोटी झाली की ये, असं ते सांगत होते. पण ती कधी होणार, हे मला डिचोलीत बसून कसं कळावं? ते वडिलांनी सांगितलं: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास एक भरती, संध्याकाळी सहाला दुसरी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आसपास भरती आणि पाच-साडेपाचला ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, नदीत आत पाणी पोचायला आणखी उशीर होतो. पण घरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय तोवर मी फक्त सुट्ट्या बघायला वापरत होतो!

मग एका सप्तमीला (साताची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे त्यानंतर उजाडताना पाणी उतरू लागणार) पहाटेच्या अंधारात गेलो. तांबडं फुटताना मानसाच्या दाराने हळूच जागा दिली आणि पाणी आवाज करत नदीकडे सुटलं. दाराच्या तोंडाशी दोघांनी जाळं लावलं होतं. बगळे आधीच येऊन रांगेत उभे, एक खंड्या दाराच्या चौकटीवर. नदीवर धुकं होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं. पाणी रेशमासारखं आलं, बगळे मात्र जागचे हलले नव्हते, म्हणून ते स्पष्ट आले. पंचवीस फोटो काढले असतील, त्यातला एक घरी भिंतीवर आहे. तुम्ही आनंद कसला विचारलात, तर त्या फोटोपेक्षा मला जास्त आनंद या गोष्टीचा झाला की पाणी, पक्षी, माणसं सगळी आपापल्या वेळापत्रकाने आली होती आणि या खेपेस मीही वेळेवर पोचलो होतो.

म्हणून नव्या जागांची यादी करू नका. एक जागा धरा आणि वर्षभर तिथेच जा. माझी दुसरी जागा केरीचा किनारा (पेडण्यातलं केरी, सत्तरीतलं नव्हे). डिसेंबरच्या अखेरीस सूर्य तिथे बराच डावीकडे, नैर्ऋत्येला बुडतो. मे संपता संपता तो उजवीकडे, तेरेखोलच्या बाजूला सरकलेला असतो. फरक जवळजवळ ४७ अंशांचा. हात लांब करून दोन विती मोजा, त्याहूनही जास्त. एकाच दगडावर उभं राहून डिसेंबरात आणि मेमध्ये काढलेले फोटो शेजारी ठेवले तर कुणाला जागा एक वाटत नाही. ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब हवं असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची संध्याकाळ गाठा, ओहोटी आणि सूर्यास्त एकत्र मिळतात. आणि सूर्य बुडाल्यावर लगेच गाडीकडे पळू नका. सगळे पळतात. खरे रंग पुढच्या वीस मिनिटांत येतात.

दूधसागरसमोरून जाणाऱ्या रेल्वेचा फोटो तुमच्याही मनात असेलच. ३१० मीटरचा धबधबा आहे, मोह होणारच. पण रुळांवरून चालत जाणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारं आहे. डब्याच्या खिडकीतून दिसेल तेवढा बघा. मेच्या शेवटी सत्तरीत काजवे बघायला गेलात तर गाडीचे दिवे आणि मोबाइलची टॉर्च बंद ठेवा. मोरजी, आगोंदला अंडी घालायला आलेल्या कासवांवर तर फ्लॅश मारूच नका. हे सांगावं लागतं याचाच मला राग येतो.

आमच्याकडच्या पावसाळ्याबद्दल एक सांगतो, कारण पुण्याच्या हवेत हे कळत नाही. पहिल्या वर्षी मी कॅमेरा चामड्याच्या बॅगेत घालून जून ते सप्टेंबर कपाटात ठेवला. गणपतीत काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या रकमेत दुसरी जुनी लेन्स आली असती, आणि मी ती घेतली. आता घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करतो (तो तवा वेगळा ठेवलाय, घरात वाद नकोत). एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरते, ती पुसत बसू नका. बॅगेतच पाच-दहा मिनिटं राहू द्या.

तुम्ही पणजीत आहात, तेव्हा जुन्या गोव्याहून दिवाडीची फेरी जवळ पडेल. चालत येणाऱ्याला तिकीट नाही. कॅलेंडर उघडा, येती षष्ठी किंवा सप्तमी बघा आणि उजाडायच्या आत बांधावर पोचा.