४२ स्लाइड आणि ४० मिनिटं

प्रश्न: ताई, मी एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहा दिवसांनी ग्राफ थिअरीतल्या पाच रंगांच्या प्रमेयावर माझा ४० मिनिटांचा सेमिनार आहे. ४२ स्लाइड तयार आहेत. मागच्या वेळी मध्येच अडकले आणि मुलं हसली. शिक्षण मराठीतून झालंय, इंग्रजीची धास्ती वाटते. आजारपणाचं सर्टिफिकेट देऊन टाळू का?

उत्तर: नको गं. सर्टिफिकेटने फक्त तारीख पुढे जाईल, त्या ४२ स्लाइड तशाच राहतील. स्लाइडवरची सिद्धता ऐकणाऱ्याच्या डोक्यापेक्षा वेगाने पळते आणि आपण वाचत सुटतो. तू फळ्यावर घे.

सुरुवात नकाशाने कर: लागून असलेल्या प्रदेशांना वेगवेगळे रंग द्यायचे तर कुठल्याही नकाशाला पाच रंग पुरतात, हेच तुझं प्रमेय. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा एकमेकांना लागून आहेत, म्हणजे तीन रंग तरी हवेतच. राज्य म्हणजे बिंदू, सामाईक सीमा म्हणजे कड. ऑयलरचं सूत्र (बिंदू, कडा आणि क्षेत्रं यांच्या संख्यांमधलं नातं) सिद्ध करत बसू नकोस, नुसतं सांग. त्यावरून कडा बिंदूंच्या तिपटीपेक्षा कमीच भरतात, म्हणून जास्तीत जास्त पाच शेजारी असलेला एक बिंदू सापडतोच. तो काढून उरलेला ग्राफ (बिंदू आणि कडांची ही आकृती) इंडक्शनने, म्हणजे लहान ग्राफला पाच रंग पुरतात असं धरून, रंगव.

खरा जीव पुढे आहे, निम्मा वेळ तिथेच दे. पाच शेजाऱ्यांना ओळीने १ ते ५ रंग आलेत, नाहीतर एक रंग मोकळाच असता. १ आणि ३ रंगांची साखळी (फक्त याच दोन रंगांचे, कडांनी जोडलेले बिंदू) पहिल्या शेजाऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत पोचत नसेल, तर त्या साखळीत रंगांची अदलाबदल कर. मधल्या, म्हणजे काढलेल्या, बिंदूला १ मोकळा झाला. पोचत असेल, तर मधल्या बिंदूसह ती बंद वेढा घालते आणि २-४ ची साखळी दुसऱ्यापासून चौथ्याकडे जाऊच शकत नाही. मग दुसऱ्याकडची २-४ ची साखळी उलटव. ही आकृती फळ्याच्या मध्यभागी मोठी काढ आणि शेवटपर्यंत पुसू नकोस. रंगीत खडू मागच्या बाकावरून ओळखू येत नाही, तेव्हा बिंदूंशेजारी आकडेही लिही.

एक प्रश्न हमखास येईल: हीच युक्ती चार रंगांना का चालत नाही? तिथे कधीकधी दोन साखळ्या उलटवाव्या लागतात आणि त्या एकमेकींत अडकलेल्या असू शकतात. एक उलटवली की दुसरी बदलते. चार रंग पुरतात याची केम्पेची १८७९ची सिद्धता इथेच कोसळली, हेवुडने १८९० साली चूक दाखवली आणि त्याच युक्तीतून पाच रंगांचं प्रमेय सिद्ध केलं. अ‍ॅपल आणि हाकेन यांच्या चार रंगांच्या १९७६च्या संगणकी सिद्धतेला एका वाक्यापेक्षा जास्त जागा नको.

इंग्रजीचं म्हणशील तर व्याख्या, प्रमेयाचं विधान आणि पहिली चार वाक्यं पाठ कर. बाकी साध्या, तुटक इंग्रजीत चालतं, कारण आकृती बोलत असते. मध्ये मराठी चालेल का, हे गाईडना आजच विचार.

रिकाम्या वर्गात खडू हातात घेऊन, मोठ्याने, घड्याळ लावून तीनदा तरी सराव कर. मनातल्या मनात केलेल्या सरावात लिहिण्याचा वेळ धरला जात नाही, म्हणून तो फसवतो. हातात एक कागद ठेव, त्यावर फक्त पायऱ्या. अडकलीस तर थांबून तो बघ. तेवढी शांतता कुणाला खटकत नाही. वेळ कमी पडलाच तर इतिहास गाळ, साखळी गाळू नकोस.