परस्परता म्हणजे नुसतं 'जशास तसं' का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: माणसामाणसांत परस्परता कशी चालते, आणि देशादेशांत तिचं नुसतं 'जशास तसं' होतं का? माझ्या मते खरा फरक किती परत केलं यापेक्षा कधी परत केलं यात असतो. भरवशाच्या माणसाकडून परतफेड लांबली तरी चालते. भरवसा नसेल तर दोघांचे हात एकदमच पुढे यावे लागतात.

मी कोपरखैरण्यात वाढलो. वडील माथाडी, गाव साताऱ्याकडचं. गावी इर्जिक असायची. एकाच्या रानात सगळ्यांनी बैल-औतं घेऊन राबायचं, त्याने जेवू घालायचं, मजुरीचं नाव नाही. पुढे दुसऱ्याचं रान. हिशोब कुणी लिहीत नसे, पण जो दुसऱ्याच्या इर्जिकीला फिरकत नाही, त्याच्याकडे तरी कोण जाणार?

आहेर मात्र लिहितात. आमच्याकडे हॉलमध्ये दाराशी टेबल, लांबट वही आणि चांगल्या अक्षराचा एखादा भाचा. पाकीट फोडलं की शेजारचा आकडा सांगतो, 'पाचशे एक, मसाला मार्केटवाले.' त्यांच्याकडे कार्य निघालं की आई ती वही काढते आणि पाचशे एकचे हजार एक करते. तेवढेच्या तेवढे दिले तर म्हणतील, 'फेडून मोकळे झाले.' थोडं वर दिलं की येणं-जाणं चालू राहतं. (निमंत्रणावर 'कृपया आहेर आणू नये' छापणारेही वही ठेवतात, ते वेगळं.)

देशांना सहसा एवढी सैल वही परवडत नाही. भारत-पाकिस्तान बघा. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये एकाच वेळी या अणुप्रकल्पांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. संबंध कितीही बिघडोत, हे चुकत नाही, कारण इथे उधारीच नाही. उलट व्यापारातला 'सर्वाधिक पसंतीचा देश' हा दर्जा, म्हणजे इतर देशांना देतो तीच वागणूक, भारताने पाकिस्तानला १९९६ मध्ये दिला. तिकडून तो कधी आलाच नाही. शेवटी पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये, भारताने तो काढून घेतला.

पण त्याच १९९६ मध्ये परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी उलटं धोरण मांडलं: नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव, श्रीलंका यांच्याकडून बरोबरीची अपेक्षा न ठेवता जमेल ते द्यावं. यादीत पाकिस्तान नव्हता. त्याच डिसेंबरात बांगलादेशाशी गंगेच्या पाणीवाटपाचा ३० वर्षांचा करार झाला. मला हे धोरण भोळं वाटत नाही. हे पाचही शेजारी आकाराने लहान असताना मोठ्याने पै-पैचा हिशोब मागितला, तर शेजार टिकत नाही.

'जशास तसं' कामाला येतं ते नेमक्या, छोट्या भांडणात. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनने कोविशील्ड मान्य केली, पण भारताचं लस प्रमाणपत्र मानेना. मग भारतानेही ब्रिटिश प्रवाशांवर १० दिवसांचं विलगीकरण लादलं. ११ तारखेपासून ब्रिटनने सवलत दिली, दोन दिवसांत भारतानेही नियम मागे घेतला. कशासाठी आणि कुठवर हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून ते लवकर मिटलं.

याउलट अमेरिकेने २ एप्रिल २०२५ ला 'परस्पर' म्हणून जे आयातशुल्क जाहीर केलं, त्यात भारताच्या वाट्याला २६ टक्के आले. तो आकडा भारत किती शुल्क लावतो यावरून काढलेला नव्हता. अमेरिकेची भारताशी व्यापारातली तूट भागिले भारतातून तिची आयात, आणि त्याचं निम्मं. म्हणजे वहीत न लिहिलेला आहेर वसूल करायचा प्रकार.

बातम्यांत न येणारी परस्परता मात्र तुमच्या-माझ्या कामाची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-ए खाली ज्या देशांशी परस्परतेची व्यवस्था आहे, त्यांच्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे, म्हणजे पैसे देण्याचे कोर्टाचे आदेश, आपल्याकडे थेट बजावता येतात. ब्रिटन, सिंगापूर त्यात आधीपासून आहेत, जानेवारी २०२० मध्ये संयुक्त अरब अमिराती आली. दुबईत कर्ज ठेवून घणसोलीत परतलेल्या माणसाविरुद्धचा तिथला हुकूमनामा बँक आता ठाणे जिल्हा न्यायालयात दाखल करू शकते, नवा दावा लावायची गरज नाही. अमेरिका त्या यादीत नाही, तिथल्या निकालावर इथे वेगळा दावाच लावावा लागतो.