मीडिया कोर्सच्या ग्रुप प्रोजेक्टसाठी ५ मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे. चार जण आहोत, सहा आठवडे आहेत. प्लॅनिंग किती करावं आणि कॅमेरा कोणता घ्यावा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘आमच्या दिग्दर्शकाचं म्हणणं आहे की फार प्लॅनिंग केलं की क्रिएटिव्हिटी मरते.’ ही ओळ नसती तर मी लिहायला बसलेच नसते. कॅमेरा कोणता ते सांगणारे इथे ढिगाने भेटतील.

ही ओळ मी जशीच्या तशी ऐकलेली आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला मी प्रोडक्शन आणि साउंड बघत होते. बघत होते म्हणजे काय, तर दोघांना कॅमेरा हवा होता, एकाला दिग्दर्शन हवं होतं, उरलं ते माझ्या पदरात पडलं. मी स्क्रिप्टचं ब्रेकडाऊन करून आणलं, कुठल्या सीनला कोण, कुठली खोली, कुठल्या वस्तू, कुठले कपडे. दिग्दर्शकाने तो कागद वरचेवर चाळला आणि माझं नाव ‘हेडक्लार्क’ ठेवलं. आमच्या ग्रुपवर आजही कुणी सहलीचा विषय काढला की तारखा ठरवायला ‘हेडक्लार्कला विचारा’ असंच येतं. असो.

आमची कथा खरं तर विद्यार्थ्यांना झेपेल अशी होती. आई गेल्यावर दोन बहिणी तिचं घर आवरायला येतात आणि कपाट रिकामं करता करता जुनी उणीदुणी निघतात. एक घर, दोन बायका, बास. मोठ्या बहिणीचं काम करणाऱ्या ताई नोकरी सांभाळून येणार होत्या. चार वाजता मला निघावं लागेल, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि ते माझ्या कागदावर लाल पेनाने लिहिलेलं होतं. कपाटाच्या खोलीची खिडकी पूर्वेची, म्हणजे तिथला उजेड सकाळचाच. हे दोन्ही धरून मी क्रम लावला होता. मोठीचे सगळे शॉट आधी, त्यातही शेवटचं भांडण सकाळी सगळ्यात पहिलं.

दिग्दर्शक म्हणाला, छे, कथेच्या क्रमानेच शूट करायचं, नाहीतर भावना कशा चढत जाणार? शॉट लिस्ट, म्हणजे कुठले शॉट कसे घ्यायचे त्याची यादी, त्याने केलीच नव्हती. लोकेशनवर गेल्यावर सुचतं म्हणाला. आणि सुचलंही! दार उघडल्यापासून कपाटापर्यंत एकच लांबलचक टेक. एकदा फोकस गेला, एकदा माझा बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, आरशात दिसला, एकदा धाकटी नेमकी शेवटच्या वाक्याला अडखळली. ‘अजून एक घेऊ’ करता करता उजेड खिडकीतून सरकून भिंतीवर गेला आणि तिथूनही गेला. ताई पर्स उचलून उभ्या राहिल्या तेव्हा भांडणाचा सीन सुरूसुद्धा झाला नव्हता. ज्या सीनसाठी ही फिल्म करायची तोच हातात नाही.

दिग्दर्शक आणि कॅमेरावाले बाहेर गॅलरीत एकमेकांवर खापर फोडत होते. मी ताईंना म्हटलं, फक्त दहा मिनिटं द्या. आतल्या खोलीत गाद्या रचून ठेवल्या होत्या. त्यांच्यासमोर ताईंना बसवलं, कारण गाद्या आवाज शोषून घेतात, घुमू देत नाहीत. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना आत स्कूटरची किल्ली ठेवली. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे, किल्ली आत असली की फ्रिज पुन्हा सुरू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. मग भांडणाचं प्रत्येक वाक्य त्यांच्याकडून तीन तऱ्हांनी म्हणवून घेतलं: चिडून, थकून आणि अगदी सहज, भाजी काय करू विचारतात तसं. तिसऱ्या वेळी त्या माझ्याकडे न बघता गादीच्या शिवणीकडे बघून बोलल्या. हेडफोनमध्ये ते ऐकताना मला कळलं की सीन वाचला. त्यानंतर मिनिटभर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड केली, एडिटला वाक्यांमधल्या जागा भरायला. धाकटी थांबायला तयार होती. एका कॅमेरावाल्याला बखोटीला धरून आत आणलं आणि तिच्या हातांचे क्लोजअप घेतले. कपड्यांच्या घड्या, कपाटाची रिकामी फळी, कुलूप उघडताना थरथरणारी किल्ली. उजेड नव्हताच, म्हणून दिवा पांढऱ्या चादरीवर मारला आणि चादर धरून मीच उभी राहिले.

एडिटला तो सीन असा बसला: पडद्यावर फक्त धाकटीचे हात, आणि मोठीचा आवाज. ती दिसतच नाही. फिल्ममधला सगळ्यात चांगला सीन तोच, हे बघणाऱ्या प्रत्येकाने सांगितलं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच सीनबद्दल विचारलं. आमचे दिग्दर्शक खुर्चीत जरा पुढे सरकले आणि म्हणाले, ‘मला ती तिच्या अनुपस्थितीतून दाखवायची होती.’ परीक्षकांनी मान डोलावली. शूटच्या दिवसाची नोंद, वेळेसकट, समोरच्या फायलीत होती. ती कुणी उघडली नाही. मार्क चौघांचे एकत्र असल्यामुळे मीही तोंड उघडलं नाही. क्रेडिट्समध्ये मी ‘विशेष आभार’मध्ये होते, घर देणाऱ्या काकूंच्या खाली.

तुमच्या दिग्दर्शकाला सांगा, ठरवून ठेवलेल्या गोष्टींमुळे काही मरत नाही. उलट जे सुचतं त्याला उभं राहायला जागा मिळते. ताई चारला जाणार हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणून साडेतीनला माझं डोकं चाललं. ज्याला चार वाजताच कळलं, तो गॅलरीत भांडत बसला.

आमच्या या दिग्दर्शक मित्राचा लाडका मुद्दा असा की थोर लोक कागदावर काही करत नाहीत, ते आतून येतं. पण दादासाहेब फाळक्यांना १९१२ मध्ये पहिल्या फिल्मसाठी भांडवल हवं होतं, तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली आणि ती छोटी फिल्म दाखवून पैसे देणाऱ्याला पटवलं. ठरावीक वेळी, ठरावीक जागी कॅमेरा, रोज. याला कारकुनी नाही तर काय म्हणायचं? आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला, त्याच्या मागे सरस्वतीबाई फाळके होत्या. कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. चादरीचं वाचलं तेव्हा मी ते पान फोटो काढून ग्रुपवर टाकलं होतं. दिग्दर्शकांनी खाली अंगठ्याचा इमोजी टाकला.

आता तुमच्या सहा आठवड्यांचं. सबमिशनच्या तारखेपासून उलटं मोजत या. शेवटचा आठवडा पूर्ण रिकामा ठेवा, तो आपोआप भरतो. त्याआधीचा साउंड आणि कलरला. त्याआधीचे दोन एडिटला. म्हणजे लिहिणं, रेकी (शूटच्या जागेची आधी पाहणी) आणि शूट मिळून तुमच्याकडे जेमतेम दोन आठवडे उरतात, आणि त्यातलाही एक दिवस राहिलेले शॉट घ्यायला बाजूला काढायचा. पटकथेच्या नेहमीच्या मांडणीत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरतात, तेव्हा पाच पानांच्या वर लिहूच नका. कॅमेरा हलवून, लाइट लावून, रिहर्सल करून शॉट घ्यायला नवख्या टीमला एका सेटअपमागे वीस मिनिटं लागतात असं धरा. तीस सेटअप म्हणजे दहा तास, जेवणखाण सोडून. हा गुणाकार दिग्दर्शकासमोर मोठ्याने करा. क्रिएटिव्हिटीचा विषय तिथेच मिटतो.

रेकीला जाल तेव्हा शूटच्याच वेळेला जा आणि डोळे मिटून पाच मिनिटं बसा. पाण्याचा पंप, शेजारचा टीव्ही, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, हे फोटोत दिसत नाही. ज्यांचं घर आहे आणि जे काम करताहेत त्यांची लेखी परवानगी पहिल्याच दिवशी घ्या, नंतर माणसं सापडत नाहीत. गाणं आवडलं म्हणून उचलून लावू नका. साउंड ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करा, बोलताना मीटरची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. एकदा फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट होत नाही. कार्डावरचं फुटेज दोन वेगळ्या ड्राइव्हवर जाऊन उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि हे काम एकाच माणसाकडे द्यायचं. सबमिशन पेनड्राइव्हवर असेल तर तो फॅट३२ फॉरमॅटचा आहे का बघा, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. आदल्या रात्री हे कळलेले गट मी बघितले आहेत.

प्रोडक्शन डायरी रोजच्या रोज लिहा. काय ठरलं, काय बदललं, का बदललं आणि कुणाच्या सांगण्यावरून बदललं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी वगळू नका. बऱ्याच कोर्सना नियोजनाच्या फायलीला वेगळे मार्क असतात, आणि सगळ्या नोंदी एका रात्रीत लिहिल्या की परीक्षकाला ते पहिल्या पानावर कळतं, एकच पेन, एकच अक्षर. तुमच्या कोर्सचा मार्कांचा तक्ता आधी मागून घ्या आणि त्यावर चौघांची नावं टाका, कुठल्या मार्कांचं काम कुणाचं. क्रेडिट्स शूटच्या आधी लिहून चौघांच्या सह्या घ्या. हसतील, हसू द्या. आणि व्हायवाला ज्याने जे केलं त्याबद्दल त्यानेच बोलायचं, हेही आधीच ठरवा. आमच्या वेळी हे झालं असतं तर मी एवढं लांबलचक लिहीत बसले नसते.

एक मात्र मान्य करायला हवं. आमच्या दिग्दर्शकाची नजर चांगली होती. कपाटाच्या रिकाम्या फळीवर उरलेली डांबराची गोळी त्याला दिसली, आम्हा तिघांना नाही, आणि तो शॉट फिल्ममध्ये आहे. तुमचा विषय माहितीपटाचा असेल तर वरची शॉट लिस्ट आणि गुणाकार बाजूला ठेवा. तिथे माणूस ओळखून घेणं, प्रश्न तयार ठेवणं आणि मग तो बोलेल तिकडे जाणं हेच प्लॅनिंग. शिवाय चौघांपैकी कुणीच आधी कॅमेरा धरला नसेल तर एक दिवस काहीही न ठरवता नुसतं शूट करून, तेच एडिट करून बघा. त्या एका दिवसापुरतं तुमच्या दिग्दर्शकाचं ऐका.

कॅमेऱ्याचं राहिलंच. फोन पुरतो. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करता येईल असं ॲप टाका. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला २५ फ्रेम या वेगाला शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लपलपते. फोनची स्वतःची कॅमेरा ॲप्स फ्रेम रेट मधेच कमीजास्त करतात, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज लांब टेकमध्ये हळूहळू ओठांपासून सुटत जातो. म्हणून फ्रेम रेट पक्का ठेवता येईल असंच ॲप हवं. पैसे असतील तर कॅमेऱ्याऐवजी माइकवर घाला. शूटआधी स्टोरेज रिकामं करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. आणि फोन दिग्दर्शकाचा घेऊ नका, त्याला दिवसभर कुणाशी तरी बोलायचं असतं.